पाळीवरच्या शाळेतल्या मोठ्या बाई

माझ्या नेमणुकीचा कागद हातात घेण्याआधीच निंबार्ते बाईंनी मला विचारलं, "पोहता येते का तुले?"

साकोलीहून एसटीने येऊन मी फाट्यावर उतरले होते आणि चपला हातात धरून धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्याधुऱ्याने चालत कोसमटोल्याच्या शाळेत पोहोचले होते. नुकतीच डी.एड. झालेली, भंडारा शहरात वाढलेली, पहिलीच नोकरी. वाटेत मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार केली होती. वडील काय करतात, किती टक्के पडले, लग्न जमलंय का, गावात राहणार की जाणं-येणं करणार. पोहण्याचं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

"नाही येत," मी म्हटलं.

"मलेही नाही येत," त्या म्हणाल्या. "बरं झालं. सोबतच शिकू." मग त्यांनी कागद घेतला, सही केली आणि पहिलीचा वर्ग मला दाखवला.

ही सत्तरच्या दशकाच्या मधली गोष्ट. सुमनबाई निंबार्ते या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे एक लांब ओसरी, चार वर्ग, आणि शिक्षक आम्ही दोघीच. गावात दुसरी मोकळी जागा मिळाली नाही म्हणून शाळा तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, टेकून बांधलेली. शाळेमागचा चढ चढला की समोर पाणीच पाणी. तलावाच्या पलीकडे ढिवरटोली, मासे आणि शिंगाडे यांवर जगणाऱ्या कुटुंबांची वस्ती. अलीकडे धानवाल्या शेतकऱ्यांचं गाव. मुलं बाईंना 'मोठ्या बाई' म्हणत आणि मला 'नव्या बाई'. मी तिथे अकरा-बारा वर्षं काढली, पण शेवटपर्यंत नव्या बाईच राहिले.

मोठ्या बाई दिसायला मुळीच मोठ्या नव्हत्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, सुती पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला. आवाज मात्र तलावाच्या पलीकडे जाईल असा. काखेत पुरुषी काळी छत्री, उन्हाळा असो की हिवाळा. आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात अडकवलेली एक पितळी शिट्टी. त्या शिट्टीवरून साकोलीच्या त्यांच्या नातेवाइकांत बरीच चेष्टा चाले. लग्नकार्यातही ती गळ्यात असे. एकदा मी त्यांच्यासोबत एका लग्नाला गेले होते. पंगत बसली होती, आणि बाई वाढणाऱ्यांच्या मधून लहान मुलांच्या रांगेवर नजर फिरवत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मी विचारलं, "काय म्हणताय बाई?" तर म्हणाल्या, "मोजून राहिली. नवरीची लहान बहीण दिसत नाही." ती मांडवामागे झोपलेली सापडली.

इतर शाळांत हजेरी घेताना नाव पुकारतात आणि मूल 'हजर' म्हणतं. बाई आधी सगळ्यांकडे पाहून विचारत, "कोण नाही?" मुलांनी सांगायचं की आज अमका नाही, तमकी नाही. मग, काहून नाही? ताप आहे, मामाच्या गावी गेला, ढोरं घेऊन गेला. कोणाला माहीत नसेल तर सुट्टीत शेजारचं मूल त्याच्या घरी जाऊन येई. आलेली तर दिसतातच, त्यांना काय पुकारायचं, असं त्यांचं म्हणणं.

शाळेची ओसरी हा बाईंचा खास मुलूख. तिथे पहिलीच्याही आतली, तीन-चार-पाच वर्षांची मुलं बसत. त्याला त्या शिशुवर्ग म्हणत. असा वर्ग आमच्या शाळेला मंजूर नव्हता, त्याला शिक्षक नव्हता, टाटपट्टीही नव्हती. गोणपाटावर मुलं बसत. चिंचोके, शिंपले, मोहाच्या बिया, धानाची लोंबी, असं सगळं टोपल्यांत भरून ठेवलेलं. वेगवेगळे ढीग करायचे, मोठ्याकडून लहानाकडे ओळ लावायची. तलावातली गाळाची बारीक वाळलेली माती एका परातीत पसरलेली असे. त्यात बोटाने गोल, आडवी रेघ, उभी रेघ, आणि पुढे अक्षर. मोडलं तर परात हलवली की पुन्हा कोरी पाटी. बाई गाणी म्हणवून घेत. त्यांना सूर अजिबात नव्हता आणि ते त्यांना मान्यही नव्हतं. मुलं त्यांच्याच बेसूर चालीत गाणी शिकत आणि पहिलीत माझ्याकडे आली की ती चाल सरळ करता करता माझं वर्ष जाई.

ओसरीला त्यांनी सुताराकडून गोठ्याला असतं तसं कमरेएवढं लाकडी फाटक करून घेतलं होतं. बाहेरून खिटी. त्यावरून गावात म्हणत, बाईने लेकरं कोंडवाड्यात टाकले. एक बाप तर तोंडावर म्हणाला.

"हाव, कोंडवाडाच आहे," बाई म्हणाल्या. "आनि कोंडवाड्यातून सोडवायले मालकाले यावं लागते. माय नाही तर बाप. लहान भावाच्या हाती नाही सोडत मी."

अशा रीतीने रोज कोणाची तरी आई, आजी, बाप शाळेच्या ओसरीपर्यंत येऊ लागले. आपलं पोर काय करतं ते उभं राहून पाहू लागले. रोवणीच्या, धानाची रोपं लावायच्या, दिवसांत चिखलाच्या पायांनी येत. त्यांना बाई बसवून घेत आणि मुलाला सांगत, "दाखव मायले आपला 'म'." परातीतला तो वेडावाकडा 'म' पाहून काही बायका तोंडाला पदर लावून हसत. काहींना तो पहिल्यांदाच कोणीतरी वाचून दाखवलेला असे.

हा वर्ग कसा सुरू झाला, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. कळलं ते त्यांच्याच तोंडून, आणि तेही पाण्याच्या काठावर.

पोहायला शिकण्याचं बाई विसरल्या नव्हत्या. पावसाळा ओसरताच त्यांनी ढिवरटोलीच्या सोमाजी नान्हेच्या घरी निरोप धाडला. सोमाजी हा तलावातला वाकबगार माणूस, आणि आपण वाकबगार आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याने आम्हाला शिकवायला साफ नकार दिला. "मास्तरनीले मी हात कसा लावू," म्हणाला, आणि आपल्या बायकोला, पारबताला पुढे केलं. बायकांच्या घाटावर, रविवारी सकाळी ऊन चढल्यावर, आमच्या कमरेला वाळके तुंबे, पोकळ भोपळे, बांधून पारबताने आम्हाला पाण्यात उतरवलं. पाळीवर अर्धी शाळा बसलेली.

बाईंना पाण्याची भीती नव्हती, बेडकाची होती. हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. पाणी छातीशी आलं आणि शेवाळातून एक बेडूक उडी मारून त्यांच्या खांद्याजवळून गेला. बाई तुंब्यासकट गडप झाल्या. पारबताने त्यांना ओढून काढलं. नाकातोंडात पाणी, केस मोकळे, आणि श्वास यायच्या आधी पाळीकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोण हसलं?"

पाळीवरची पोरं एकमेकांकडे बोटं दाखवू लागली. मग बाईंनाच हसू फुटलं आणि सगळी पाळ हसत सुटली.

मी त्यांच्या आधी तरंगायला शिकले. ते त्यांना आवडलं नाही. दोन रविवार त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पण त्याही शिकल्या. लुगड्याचा काष्टा मारून, पाठीवर पडून, डोळे घट्ट मिटून त्या एका संथ ओंडक्यासारख्या तरंगत. पुढे जाणं त्यांना कधी फारसं जमलं नाही. "बुडत नाही ना," म्हणायच्या, "बस झालं."

अशाच एका रविवारी केस वाळवत बसलो असताना त्या म्हणाल्या, "तू यायच्या आदल्या वर्षी इथंच एक लेकरू गेलं."

मी फणी खाली ठेवली.

शेतकऱ्याची चारेक वर्षांची मुलगी, सगळे तिला बेबी म्हणत. रोवणी सुरू होती. आईबाप बांधीत, मोठी बहीण तिसरीत. बहीण तिला काखेत घेऊनच शाळेत येई. बेबी वर्गात रडे, खडू खाई, पाट्या ओढी. बाई तेव्हा या शाळेत नव्याच होत्या. बहिणीला त्या म्हणाल्या, लहान्यांना वर्गात आणू नको. बहीण समजूतदार. दुसऱ्या दिवशी तिने बेबीला बाहेर सावलीत बसवलं आणि आपण वर्गात येऊन बसली. दुपारी सोमाजीने बेबीला पाण्यातून काढलं.

"मीच म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "चुकीचं नव्हतं काही. वर्ग चालू द्यायचा होता."

मी काहीतरी बोलायला लागले, की तुमचा काय दोष, तुम्हाला कसं कळणार. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"समजूत नोको घालू. काम सांग काही असेल तर."

त्यानंतर त्या विषयावर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. पण ओसरीचं फाटक, पितळी शिट्टी आणि ते "कोण नाही?" मला तेव्हापासून वेगळं दिसू लागलं. बेबी गेली त्याच वर्षी बाईंनी तो वर्ग सुरू केला होता. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहणाऱ्या मुली मग भावंडं काखेत घेऊन शाळेत येऊ लागल्या, आणि भावंडं ओसरीत, मुली वर्गात, असं शाळेचं रूप झालं.

आम्हाला येऊ लागल्यावर तिसरी-चौथीच्या मुलांचं पोहणं सुरू झालं. शनिवारी सकाळची शाळा सुटण्याआधीचा शेवटचा तास. मुलांना सोमाजी, मुलींना पारबता. ढिवरटोलीच्या मुलांना शिकवायची गरजच नव्हती, ती मदतीला. गावात कुरकुर झाली. चावडीवर बाईंना बोलावलं. एक वजनदार शेतकरी म्हणाला, "आमची लेकरं आता ढिवराच्या हाताखाली शिकतील का, बाई?"

बाईंनी विचारलं, "तुमचं लेकरू पान्यात पडलं तर काढायले कोणाले हाक मारता?"

बेबीचा बाप तिथेच खांबाला टेकून बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "माझी मोठी पोरगी येईल शनवारी." एवढंच बोलून तो निघून गेला. पुढच्या शनिवारी पाळीवर कपड्यांचे ढीग दुप्पट झाले.

पुस्तकांच्या बाबतीत बाईंचं वागणं याच्या अगदी उलट होतं. लेकरांना जपायच्या, पुस्तकांना बिलकूल नाही. शाळेत एक लोखंडी कपाट होतं. त्यात पंचायत समितीकडून आलेली गोष्टींची पुस्तकं होती. आधीच्या मुख्याध्यापकांनी ती इतकी सुरक्षित ठेवली होती की काहींची पानं जोडलेलीच होती, कापलीही नव्हती. पुस्तक हरवलं तर जबाबदारी शिक्षकावर, म्हणून कपाटाला कुलूप. बाईंनी कुलूप काढून शाळेच्या फाटकाला लावलं आणि पुस्तकं वर्गात सुतळीवर वाळत घातल्यासारखी टांगली. जो येईल तो काढेल, घरी नेईल. कोपरे दुमडले, हळदीचे डाग पडले, एक तर शेळीने अर्धं खाल्लं. बाईंचं शेळ्यांशी वैर होतं ते तिथून. पण ज्या मुलाच्या हातून पुस्तक फाटलं त्याला त्या कधी बोलल्या नाहीत. उलट न फाटलेलं पुस्तक हातात घेऊन विचारत, "हे काहून इतकं कोरं राहिलं? याले कोणी नेलं नाही का?"

मग त्यांनी विडीच्या छपऱ्या शोधून काढल्या. आमच्या गावात दुपारनंतर घरोघरच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बायका सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळायला बसत. हात सारखे चालू, तोंडही चालू, कान मात्र मोकळे, असं बाई म्हणायच्या. शाळा सुटल्यावर चौथीचं एकेक मूल एकेका छपरीत बसवायचं आणि त्याने गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायचं. रोज थोडंसंच. ऐन रंगात आल्यावर थांबायचं आणि घरी जायचं, अशी बाईंची ताकीद.

बायकांना आधी ती कटकट वाटली. आठवड्याभराने त्या मुलांची वाट पाहू लागल्या. अडखळत वाचणाऱ्या मुलाला वर्गात मी जितकं पुढे ढकलू शकत नव्हते तितकं त्या "मंग काय झालं रे?" ने ढकललं.

यातच इंदूचा प्रकार झाला. इंदू ढिवरटोलीची, हुशार, पण वाचनाचा कंटाळा. जोडाक्षरं आली की ती पान उलटायची. एका गोष्टीचा शेवट तिला लागेना, तर तिने तो स्वतःच रचून सांगितला. राजाने चोराला माफ केलं आणि आपल्या तलावाची राखण दिली. तीच गोष्ट दुसऱ्या छपरीत दुसऱ्या मुलाने नीट वाचली होती. तिथे चोर पळून जातो. दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोन्ही छपऱ्यांच्या बायकांची जुंपली. माफ केलं, नाही पळाला, तुझ्या पोट्ट्याले वाचता येत नाही, तुझी पोट्टी खोटी. भांडण थेट शाळेत आलं.

मला वाटलं बाई इंदूला रागावणार. बाईंनी पुस्तक काढलं, त्या दोन बायकांच्या मध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "मी नाही सांगत. पाहा तुम्हीच काय लिहिलं आहे ते."

"आमाले कुठं येते, बाई."

"मंग कसं ठरवता कोण खरं?"

त्या दोघींपैकी एक, पुढे दोघीही, ओसरीत गोणपाटावर शिशुवर्गाच्या मागे येऊन बसू लागल्या. परातीतल्या मातीत त्यांनीही बोट फिरवलं. इंदूला मात्र बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "तुझा शेवट मले जास्त आवडला. पण आधी त्यांचा वाचायचा, मंग आपला सांगायचा." इंदू त्या दिवसापासून जोडाक्षरं टाळेनाशी झाली.

हे सगळं विस्तार अधिकारी साहेबांना कुठून तरी कळलंच. माणूस वाईट नव्हता. सायकलवर फिरून, धुळीने भरलेला, घाबरलेला माणूस होता तो. त्यांनी मंजुरी नसलेला वर्ग पाहिला, टांगलेली फाटकी पुस्तकं पाहिली, त्यावर शेरे मारले. ते बाईंनी ऐकून घेतले. मग शनिवारच्या पोहण्याचा विषय निघाला.

"बाई, हे बंद करा," साहेब म्हणाले. "शिकवताना एखादं बुडालं तर मी काय उत्तर देऊ?"

"आनि शिकवलं नाही म्हणून बुडालं तर कोण उत्तर देते, साहेब?"

साहेब मग खरं ते बोलले. "ते कोणी विचारत नाही, बाई."

शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांना तलावाकडे नेऊ नये, असा लेखी आदेश साहेबांनी तिथेच लिहून दिला आणि बाईंनी सही करून घेतला. साहेबांची सायकल नजरेआड झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "शाळेच्या वेळेत, असं लिहिलं आहे."

बाईंचं घर साकोलीला. यजमानांचं तिथे कापडाचं दुकान, मी त्यांना भाऊजी म्हणे. आठवडाभर बाई गावात खोली करून राहत आणि, आमच्या शिकण्याचे रविवार सोडले तर, शनिवारी दुपारच्या एसटीने घरी जात. सोमवारी पहिल्या गाडीने परत. त्या आदेशानंतर पोहणं रविवारी आलं आणि बाईंचं घरी जाणं थांबलं. किती वर्षं ते तसं चाललं. भाऊजींनी एकदाही तक्रार केल्याचं मला आठवत नाही. दुकान मुनिमावर सोडून रविवारी तेच गावात येत. पाळीवर बाईंची छत्री डोक्यावर धरून, मुलांचे कपडे मांडीवर घेऊन बसत. फार कमी बोलणारा माणूस. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, तुमची सुट्टी अशीच जाते." तर म्हणाले, "घरी असली की ती मलेच मोजत बसते."

ऐंशी सालानंतरची एक घटना. पोळा होऊन गेला होता, तलाव तुडुंब होता आणि सांडवा वाहत होता. सांडवा वाहू लागला की पाळीवरची वाट तुटे आणि ढिवरटोलीची मुलं सोमाजीच्या लाकडी डोंग्यातून येत-जात. तेवढे दिवस टोलीतल्या शिशुवर्गाच्या मुलांना न्यायला मायबापांऐवजी सोमाजीच येई. शाळा सुटली की बाई पाळीवर जाऊन डोंगा पलीकडे लागेपर्यंत उभ्या राहत. मीही बरोबर असे. त्या दिवशी सोमाजीला ताप होता. त्याचा पुतण्या आला. दोन खेपा करायच्या त्याने एकात उरकल्या. आम्ही चढ चढून पाळीवर येईतो डोंगा निघालेला होता, काठाशी पाणी टेकलेला. बाईंनी शिट्टी वाजवली, हाका मारल्या. वाऱ्यात ऐकू गेलं नसावं. तलावाच्या मध्यावर वाऱ्याची एक जोरकस झुळूक आली आणि डोंगा आमच्या डोळ्यांदेखत उलटला.

मी चपला काढून पाण्याकडे धावले. बाईंनी माझा दंड पकडला.

"थांब. इतकं आपल्याले जमत नाही. आपल्याले काढायले पुन्हा त्यांनाच यावं लागन."

त्यांनी मला सोडलं नाही. दुसऱ्या हाताने शिट्टी तोंडात धरून त्या लांब, न थांबता वाजवत राहिल्या. पलीकडे टोलीतून माणसं पळत निघाली, दोन डोंगे पाण्यात पडले. मध्ये पाण्यावर डोकी वर येऊ लागली. एक, दोन, मग एकदम चार-पाच. कोणी उलट्या डोंग्याला धरलेलं, कोणी दप्तराला. त्यात एक आकृती पाठीवर आडवी तरंगत होती आणि तिच्या छातीवर एक लहान मूल होतं. ती इंदूची धाकटी बहीण, चौथीतली, हे मागाहून कळलं, आणि छातीवर शिशुवर्गातला त्यांचा भाऊ. ती हातपाय झाडत नव्हती. पारबताने शिकवलं होतं तशी नुसती पडून होती.

बाई मोजत होत्या. शिट्टी गळ्यात लोंबत होती आणि ओठ हलत होते. मग त्या म्हणाल्या, "एक नाही."

मला कोण ते कळेना. त्यांनाही कळत नव्हतं. तेवढ्या दुरून चेहरे दिसत नव्हते. माझ्या दंडावर त्यांची बोटं रुतत चालली होती. पहिला डोंगा तिथवर पोहोचला. कोणीतरी उलटा डोंगा उचलला आणि त्याच्या खालून एक काळं डोकं निघालं. आतल्या पोकळीत हवा धरून ते पोरगं लाकडाला लोंबकळत होतं.

बाई खाली बसल्या. पाळीच्या ओल्या गवतावर, तशाच. गाव जमलं. गलका, रडणं, पुतण्याला शिव्या. मग गर्दीतून बेबीची आई पुढे आली. मळ्यातून तशीच धावत आलेली, हात मातीचे. ती बाईंच्या शेजारी गवतात बसली. बराच वेळ दोघी पाण्याकडे पाहत राहिल्या.

"सगळे आले?" तिने विचारलं.

"हाव," बाई म्हणाल्या. "सगळे."

तिने आपल्या पदराने बाईंचा चेहरा पुसला. बाईंनी पुसू दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुतण्याला शाळेत बोलावून मुलांच्या देखत सांगितलं, डोंग्यात जितके तुंबे बांधले असतील तितकीच लेकरं बसतील. मुलांनाही तेच सांगितलं. पुढे मुलंच तुंबे पाहून बसायची, मोठ्या माणसाशी वाद घालायची.

विस्तार अधिकारी साहेब आठवड्याने आले. बाईंनी न सांगता ते चढ चढून पाळीवर गेले आणि एकटेच तलावाकडे पाहत उभे राहिले. खाली आल्यावर चहा घेतला. "रविवारी अजून चालतं का?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "चालते." त्यांनी मान हलवली. काही लिहिलं नाही. तो आदेश कोणी कधी मागे घेतला नाही, शाळेच्या फायलीत तो अजून असेल. पुढच्या सत्रात मात्र आमच्या शाळेला गोष्टींच्या पुस्तकांची एक जादा पेटी आली. कोणी मंजूर केली ते कोणी सांगितलं नाही. बाईंनी त्या दिवशी सुतळी आणायला मला दुकानात पिटाळलं.

पुढे माझी बदली लाखांदूरकडच्या एका गावी झाली. तिथे ओसरी नव्हती, तर मी चिंचेखाली गोणपाट टाकलं. गाळाची माती परातीत चाळताना मला नेहमी वाटे, हे मी शिकवत नाहीये, मी ते फक्त पुढे देतेय. माझ्या नोकरीत मला चांगलं म्हणणारे बरेच भेटले. पण ज्या गोष्टींसाठी ते चांगलं म्हणत, त्यातली एकही माझी नव्हती.

बाई निवृत्त झाल्या त्या समारंभाला मला जाता आलं नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते साकोलीच्या बस स्टँडवर, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. माझी गाडी सुटण्याच्या बेतात होती, मी खिडकीशी. त्या समोरच्या बाकावर बसलेल्या. केस पांढरे झालेले, अंगाने वाळलेल्या. करडीला, माहेरी निघाल्या असाव्यात, पिशवी पायाशी होती. शेजारी एक अनोळखी बाई आपलं तीन-चार वर्षांचं पोर त्यांच्याजवळ ठेवून तिकिटाच्या खिडकीकडे गेली. मुलगी होती, लाल फ्रॉक, पाय हलवत बसलेली. बाईंनी एका हाताने तिच्या फ्रॉकची मागची कड मुठीत धरली. मुलीला पत्ताही नव्हता.

एक गाडी बाकाच्या दिशेने येत होती. बाईंनी मुलीला उचलून बाकाच्या आतल्या बाजूला घेतलं, स्वतः बाहेर सरकल्या. मग त्या गाडीच्या कपाळावरच्या पाटीकडे बोट दाखवून तिच्याशी काही बोलू लागल्या. मुलगी पाटीकडे पाहत होती आणि बाईंच्या ओठांकडे.

मी खिडकीतून हाक मारली, हात केला. इंजिनाच्या आवाजात ती हाक गेली नाही. माझी गाडी वळली. शेवटचं दिसलं ते एवढंच, की बाईंचं बोट हवेत एका अक्षरापाशी थांबलेलं होतं, आणि त्या तिच्या उत्तराची वाट पाहत होत्या.